रिमोट कुलपाचे पेटंट ‘सहज सुचण्याजोगे’ होते, हे कसे मांडावे

वाहनाच्या रिमोट कुलपावरचे एखादे अमेरिकी पेटंट पुढ्यात आले की अभियंत्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: यात नवे ते काय? रेडिओ होता, कुलूप होते, सांकेतिक आकडा होता, सगळे तर आधीपासूनच होते. हे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते आणि कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते. अमेरिकी पेटंट कायद्याचे कलम १०३ भाग जुने होते का एवढेच विचारून थांबत नाही. त्या तारखेला त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला ते भाग याच रीतीने एकत्र आणणे सहज सुचले असते का, हे ते विचारते. ‘होते’ आणि ‘सुचले असते’ यांमधले अंतर पुराव्याने भरून काढणे, हेच अशा वादातले खरे काम. अमेरिकी बाजारासाठी रिमोट किल्ल्या, अलार्म किंवा इमोबिलायझर बनवणाऱ्या पुरवठादाराकडे उल्लंघनाची नोटीस आली, तर पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमधल्या त्याच्या अभियंत्याने अमेरिकी वकिलाच्या हाती काय तयार करून द्यावे, हे डोळ्यांसमोर ठेवून पुढची मांडणी केली आहे.

एक शब्द आधीच स्पष्ट केलेला बरा. पेटंटच्या शेवटी हक्काची हद्द सांगणारी जी क्रमांकित वाक्ये असतात, त्यांना मराठीत ‘दावे’ म्हणायची पद्धत आहे; पण कोर्टात दाखल होतो तोही दावाच, आणि एकाच लेखात दोन्ही दावे आले की घोळ अटळ असतो. म्हणून इथे त्या वाक्यांना ‘क्लेम’ म्हटले आहे आणि आधीच्या ज्ञात तंत्राला वकील मंडळी म्हणतात तसे ‘प्रायर आर्ट’.

आधी क्लेम, मग तारीख

पेटंटचे शीर्षक, सारांश आणि आकृत्या बाजूला ठेवून क्लेम वाचावा, कारण वाद फक्त त्यावर असतो. उदाहरणादाखल एक काल्पनिक क्लेम घेऊ: ‘वाहनाची कमी फ्रिक्वेन्सीची हाक ऐकून आपोआप उत्तर देणारी किल्ली, जिच्यात हालचाल टिपणारा सेन्सर आहे, ठरावीक काळ हालचाल न झाल्यास जी हाकेला उत्तर देणे थांबवते आणि पुन्हा हालचाल होताच उत्तर देऊ लागते.’ यामागचे तंत्र असे, की खिशातल्या किल्लीने उघडणाऱ्या गाडीत दाराच्या मुठीला हात लागताच गाडी साधारण १२५ किंवा १३४ किलोहर्ट्झवर हाक घालते. ती मीटर-दोन मीटरच पोहोचते, म्हणून किल्लीने उत्तर दिले म्हणजे मालक जवळ आहे असे गाडी गृहीत धरते. किल्लीचे उत्तर अमेरिकेत बहुधा ३१५ आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जाते. चोरांची जोडगोळी हेच गृहीतक मोडते: एक जण गाडीपाशी आणि दुसरा घराच्या भिंतीपाशी उपकरण घेऊन उभा राहतो, हाक लांबवर पोहोचवली जाते आणि आत टेबलावर पडलेली किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते. यालाच रिले हल्ला म्हणतात. टेबलावर निश्चल पडलेली किल्ली झोपी गेली, तर हा हल्ला फसतो.

या क्लेमचे चार तुकडे करून तक्त्यात प्रत्येकासमोर मोकळी जागा ठेवावी: हाक ऐकणारी किल्ली, हालचालीचा सेन्सर, निश्चलतेनंतर उत्तर बंद, हालचालीनंतर पुन्हा सुरू. तुकडे करताना विशेषणे गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ‘ठरावीक काळ’ या दोन शब्दांवरच समोरचा वकील उद्या तासभर बोलू शकतो.

त्यानंतर तारीख. २०११ च्या कायदेबदलानुसार ज्या अर्जांची परिणामकारक दाखल-तारीख १६ मार्च २०१३ किंवा त्यानंतरची आहे, त्यांच्या बाबतीत सहजता त्या दाखल-तारखेच्या आधीच्या ज्ञानावरून ठरते. त्यापूर्वीच्या अर्जांना जुना नियम लागू होतो आणि तिथे शोध लागल्याची तारीख महत्त्वाची असते. पेटंटच्या पहिल्या पानावर मूळ अर्जांची साखळी दिलेली असते. तिच्यातल्या सर्वांत जुन्या अर्जात आजच्या क्लेममधला प्रत्येक तुकडा खरोखर लिहिलेला आहे का, हे तपासल्याशिवाय ती जुनी तारीख मान्य करू नये. एखादा तुकडा मागाहून आला असेल, तर त्या क्लेमची तारीख कित्येक वर्षे पुढे सरकू शकते आणि मधल्या काळातले सगळे साहित्य वापरता येते.

या क्षेत्रात दोन वर्षांनीही चित्र पालटते, म्हणून तक्त्याशेजारी एक कालपट असावा. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनो फुएगोबरोबर रिमोटने उघडणारे मध्यवर्ती कुलूप बाजारात आले. पॉल लिपशुट्झ या संशोधकाच्या नावावरून फ्रेंच लोक अशा रिमोटला आजही ‘प्लिप’ म्हणतात. १९८६ च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत, गाडीला ती ओळखता यावी म्हणून, जनरल मोटर्सने रेझिस्टरचा ठिपका बसवला. त्याची पंधराच मूल्ये होती. ऐंशीच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले ‘कीलॉक’ हे रोलिंग कोडचे तंत्र १९९५ मध्ये मायक्रोचिप या चिप बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले, आणि दर वेळी नवा सांकेतिक आकडा पाठवणारे रिमोट सर्वदूर झाले. १९९८ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये खिशातून न काढता चालणारी किल्ली आली. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलांवर रिले हल्ला करून दाखवला आणि त्याचा निबंध प्रसिद्ध केला. आपल्या क्लेमची तारीख २०१४ असेल, तर सामान्य जाणकाराने हा निबंध वाचलेला आहे असे कायदा मानतो. ती २००९ असेल, तर हा निबंध पुरावा म्हणून हातात उरत नाही. रिले करून ओळखपद्धत फसवण्याची कल्पना संकेतशास्त्रात ऐंशीच्या दशकापासून आहे आणि अंतर मोजून तिला अडवण्याची रीत १९९३ मध्ये मांडली गेली होती, त्यामुळे त्या वेळी मजकूर तिथून शोधावा लागेल.

प्रायर आर्ट कुठे सापडते

पेटंटांच्या शोधाची सुरुवात वर्गीकरणापासून करावी: वाहनांच्या चोरी-प्रतिबंधासाठी बी६०आर २५, इलेक्ट्रॉनिक प्रवेश-नियंत्रणासाठी जी०७सी ९ आणि कुलपांच्या यांत्रिकीसाठी ई०५बी. केवळ शब्दांनी शोधल्यास फसगत होते, कारण एकाच वस्तूला कोणी फॉब म्हणतो, कोणी ट्रान्सपाँडर, कोणी पोर्टेबल युनिट, तर कोणी नुसता ‘आयडेंटिफायर’.

याहून समृद्ध आणि सहसा दुर्लक्षित साठा आहे तो अमेरिकेच्या एफसीसीचा, म्हणजे रेडिओ व दूरसंचार यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयोगाचा. रेडिओ लहरी सोडणारा प्रत्येक रिमोट तिथे विकण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते, रिमोटच्या पाठीवर तो क्रमांक छापलेला असतो, आणि त्या क्रमांकावर चाचणी अहवाल, वापरपुस्तिका, कित्येकदा आतल्या सर्किटची छायाचित्रेही सार्वजनिक नोंदीत मिळतात. सर्किटचा आराखडा उत्पादकाच्या विनंतीवरून बहुधा गोपनीय राहतो, परंतु छायाचित्रात एखादी चिप स्पष्ट दिसत असेल तर तिच्या माहितीपत्रकावरून पुढे जाता येते. अलार्म बसवणाऱ्या कारागिरांसाठीच्या जोडणी-पुस्तिका, गाड्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स आणि वाहन अभियंत्यांच्या परिषदांतले निबंध हेही विसरू नयेत. मात्र प्रत्येक कागदाबाबत एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तो त्या तारखेपूर्वी रस असलेल्या माणसाला वाजवी प्रयत्नाने मिळू शकत होता, हे कशावरून? पुस्तिकेवर छापलेले वर्ष त्यासाठी दर वेळी पुरत नाही. ग्रंथालयाची नोंद, संकेतस्थळाची जतन केलेली प्रत किंवा वितरकाचे शपथपत्र जोडावे लागते. मजकुराने अप्रतिम आणि तारखेने लंगडा, असा कागद सोडून देण्याचे दुःख या कामात वारंवार येते.

शेजारच्या क्षेत्रातले साहित्य चालते का? गॅरेजच्या दाराचा रिमोट, हॉटेलचे कार्ड-कुलूप, हालचाल थांबल्यावर झोपी जाणारे बिनतारी उपकरण, यांपैकी प्रत्येकासाठी दोन पर्यायी कसोट्या आहेत: ते शोधाच्याच क्षेत्रातले असावे, किंवा संशोधक ज्या अडचणीशी झुंजत होता तिच्याशी त्याचा वाजवी संबंध असावा. त्यामुळे अर्जात ‘अडचण’ कोणत्या शब्दांत मांडली आहे ते अधोरेखित करून ठेवावे. अर्जदाराने स्वतःच ‘बॅटरी लवकर संपते’ असे लिहिले असेल, तर बॅटरी वाचवणाऱ्या उपकरणांचे साहित्य आणण्याचे दार त्यानेच उघडलेले असते.

जोडण्याचे कारण

चारही तुकडे सापडले की काम झाले असे वाटते. खरे तर इथून ते सुरू होते. विश्लेषणाची चौकट १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर या निकालाने घालून दिली आहे. प्रायर आर्टची व्याप्ती, तिच्यात आणि क्लेममध्ये असलेला फरक, सामान्य जाणकाराची पातळी या तीन बाबी पाहायच्या, आणि त्यांच्या जोडीला व्यापारी यश किंवा दीर्घकाळची गरज यांसारखे बाह्य पुरावे. ही चौकट प्रत्यक्षात कशी वाकते, हे वाहनांशी संबंधित तीन निकाल एका ओळीत ठेवून वाचल्यास चांगले कळते.

पहिला निकाल २००० सालचा, विनर विरुद्ध वांग. वस्तू होती स्टिअरिंगला आडवी लावायची कुलूपबंद दांडी. आधीच्या एका दांडीत डेडबोल्ट, म्हणजे अधिक भक्कम मानला जाणारा अडसर, होता. वादातल्या पेटंटमध्ये त्याऐवजी वापरायला सोयीची, आपोआप अडकणारी रॅचेटची (एकाच दिशेने सरकू देणाऱ्या दात्यांची) रचना होती आणि रॅचेट काही नवे नव्हते. तरीही पेटंट टिकले. फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने, मान्य केले की एक फायदा मिळवताना दुसरा गमवावा लागतो एवढ्यावरून जोडणीचे कारण नाहीसे होत नाही, परंतु मिळणारा आणि जाणारा फायदा तोलून पाहावा लागतो. आणि सोयीसाठी सुरक्षितता सोडणे जाणकाराला पसंत पडले नसते, हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष कायम ठेवला. जमेल का हा एक प्रश्न आणि करावेसे वाटेल का हा दुसरा. कारण दाखवायचे ते दुसऱ्याचे.

दुसरा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, ३० एप्रिल २००७ चा, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स. वस्तू होती मागेपुढे सरकणारे अॅक्सिलरेटरचे पेडल आणि त्याच्या स्थिर टेकूवर बसवलेला इलेक्ट्रॉनिक सेन्सर. पेडल जुने, सेन्सर जुना. फेडरल सर्किट तोवर मागत असे तशी, ‘हे दोन जोडा’ असे सुचवणारी ओळ जुन्या कागदात सापडलीच पाहिजे, अशी ताठर अट न्यायालयाने नाकारली. बाजार यांत्रिक पेडलांकडून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे वळत होता, आणि सेन्सर कुठे बसवला म्हणजे त्याच्या तारा घासणार नाहीत हे ज्ञात साहित्यातून कळत होते. सामान्य जाणकाराला सामान्य कल्पकताही असते, तो यंत्रमानव नसतो, हा या निकालाचा गाभा. आपल्या कामासाठी त्यातली आणखी एक बाब मोलाची आहे: जोडण्याचे कारण पेटंटधारकाचेच असावे लागत नाही, त्या क्षेत्रात त्या वेळी ज्ञात असलेली कोणतीही गरज चालते.

तिसरा निकाल २०१० चा, वायर्स विरुद्ध मास्टर लॉक. ट्रेलर जोडण्याच्या हिचवरचे कुलूप. वेगवेगळ्या मापांना बसावे म्हणून दांड्यावर नळी, आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून बाहेरून सील. ज्युरीने पेटंटधारकाच्या बाजूने कौल दिला होता. फेडरल सर्किटने तो उलटवला: साध्या कुलपांवरची सीलें हे संबंधित क्षेत्रच होते, जोडणीला साधी व्यवहारबुद्धी पुरेशी होती, आणि विक्रीच्या यशाचा त्या विशिष्ट वैशिष्ट्याशी दुवा दाखवलेला नव्हता. विनर आणि वायर्स यांच्यामध्ये दहा वर्षे आणि एक केएसआर आहे. तरीही विनर कालबाह्य झाला असे मी मानत नाही. फायदा-तोट्याचे वजन करण्याचा त्याचा आग्रह आजही पेटंटधारकाचा वकील पुढे करतो, आणि त्याला उत्तर तयार नसेल तर चांगली केस हातची जाते.

आता आपल्या किल्लीकडे वळू आणि तारीख २०१४ धरू. झुरिकच्या निबंधातून पहिला तुकडा मिळतो आणि अडचणही. त्याच निबंधात तात्पुरता उपाय म्हणून किल्लीला आच्छादन घालणे, तिची बॅटरी काढणे आणि आपोआप उत्तर देण्याची सोय हाताने बंद करता येईल असे काही किल्लीवर देणे यांची चर्चा आहे. म्हणजे ‘वापर नसताना किल्लीने गप्प बसावे’ ही कल्पना आलीच; उरले ते हाताचे काम आपोआप करणे. हाताने होणारे काम यंत्राकडे सोपवणे एवढ्यावर पेटंट मिळत नाही, हे १९५८ च्या इन री व्हेनर या निर्णयापासून रूढ आहे. दुसऱ्या बाजूने, हालचाल थांबली की बिनतारी उपकरण झोपवणे हे बॅटरी वाचवण्यासाठी ज्ञात असल्याचा एखादा कागद जोडावा. त्याचा हेतू सुरक्षितता नव्हता, ही हरकत केएसआरनंतर टिकत नाही. मात्र इथेच थांबू नये. सेन्सर स्वतः वीज खातो, मग बॅटरी वाचवण्यासाठी तो कोण बसवेल, असा विनरच्या धाटणीचा प्रश्न येणारच. त्यासाठी सेन्सरचा आणि हाकेकडे सतत कान लावून बसलेल्या रिसीव्हरचा विजेचा खप त्या काळच्या माहितीपत्रकांतून शेजारी शेजारी मांडावा. आकडे उलट निघाले तर ते आजच कळणे बरे, आणि मग सुरक्षिततेच्या कारणावरच भिस्त ठेवावी. जोडल्यावर ते चालेल अशी वाजवी अपेक्षा होती का, हेही दोन ओळींत दाखवावे. सेन्सर आणि नियंत्रक चिप बाजारात तयार मिळत असतील तर ते अवघड नसते.

‘ही साधी अक्कल आहे’ असे लिहिण्याचा मोह मात्र आवरावा. वायर्समध्ये व्यवहारबुद्धी चालली ती तुकडे हजर असताना, त्यांना जोडण्यासाठी. २०१६ च्या अरेंडी विरुद्ध अॅपल या निकालाने बजावले की क्लेममधला गैरहजर तुकडाच व्यवहारबुद्धीने भरायचा असेल, तर त्याला पुराव्याचा भक्कम आधार लागतो. आपल्या तक्त्यात ‘पुन्हा हालचाल होताच सुरू’ या चौथ्या तुकड्यासमोर कागद नसेल आणि तिथे ‘साहजिकच’ असा शब्द लिहिलेला असेल, तर शोध अजून अपुरा आहे.

समोरच्याच्या हरकती

पेटंटधारक चार गोष्टी म्हणेल. एक, तुम्ही उत्तर पाहून गणित मांडले आहे. यावर उपाय एकच: कारण सांगणारा प्रत्येक कागद तारखेपूर्वीचा असावा, तज्ज्ञाचे शपथपत्र त्या कागदांवर उभे असावे आणि त्यात क्लेमची भाषा उसनी घेतलेली नसावी. दोन, जुन्या साहित्याने उलट दिशा दाखवली होती. त्यासाठी जुन्या लेखकाने हा मार्ग धिक्कारलेला किंवा त्याबद्दल परावृत्त केलेले असावे लागते. दुसरा मार्ग अधिक पसंत केला एवढ्याने ते होत नाही. रिले हल्ल्यावर अंतर मोजणे हाच कायमचा उपाय, असे निबंधात म्हटले असले तरी त्यामुळे तात्पुरते उपाय नाकारले गेले असे नव्हे. तीन, आमची किल्ली प्रचंड खपली. इथे दुवा मागावा: ग्राहकाने झोपणाऱ्या किल्लीमुळे गाडी घेतली, की गाडी घेतली म्हणून किल्ली मिळाली? वाहनांच्या बाबतीत हा दुवा दाखवणे पेटंटधारकाला जड जाते, आणि माझ्या मते त्याची ही सर्वांत कमजोर बाजू आहे. चार, हे कागद पेटंट कार्यालयाने तपासणीच्या वेळी पाहिलेच होते. म्हणून तपासणीचा संपूर्ण पत्रव्यवहार पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्यावा. अर्जदाराने मंजुरीसाठी तिथे क्लेमला काय जोडले, त्यावरून वादाचा खरा बिंदू कळतो.

कोर्ट की पेटंट कार्यालय

अमेरिकेत हा मुद्दा जिल्हा न्यायालयात बचाव म्हणून मांडता येतो, किंवा पेटंट कार्यालयाच्या मंडळापुढे ‘इंटर पार्टेस रिव्ह्यू’, म्हणजे मंजूर पेटंटचा फेरविचार, मागता येतो. ही दुसरी वाट १६ सप्टेंबर २०१२ पासून खुली झाली. न्यायालयात पेटंट वैध मानले जाते आणि ते अवैध असल्याचे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट विरुद्ध आयफोरआयमध्ये पक्के केले. मंडळापुढे पुराव्याचे पारडे झुकले तरी पुरते. परंतु तिथे केवळ पेटंटे आणि छापील प्रकाशने यांच्याच आधारावर आव्हान देता येते. १९९० च्या दशकातला प्रत्यक्ष अलार्म टेबलावर ठेवून ‘हा पाहा’ म्हणायचे असेल, तर न्यायालयच गाठावे लागते. उल्लंघनाच्या दाव्याची प्रत बजावल्यापासून एक वर्षाच्या आत मंडळाकडे अर्ज न केल्यास ती वाट बंद होते, आणि हे वर्ष वाटाघाटींच्या ईमेलांत फार लवकर संपते. अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही यात कार्यालयाला विवेकाधिकार आहे. तो अर्ज घेतल्यास अंतिम निर्णय साधारणपणे पुढच्या वर्षभरात अपेक्षित असतो. तिथे हरल्यास, जे मुद्दे मांडले किंवा वाजवीपणे मांडता आले असते, ते तुम्हाला पुन्हा न्यायालयात उपस्थित करता येत नाहीत. म्हणून सर्वोत्तम दोन-तीन जोड्या निवडून त्याच भक्कम कराव्यात. डझनभर जोड्यांचा अर्ज वाचणाऱ्याला थकवतो.

भारतात हाच वाद आल्यास

याच कुटुंबातले, म्हणजे त्याच शोधावरचे, पेटंट भारतातही मागितलेले असू शकते, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या अर्जदारांचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. अमेरिकेसाठी केलेला तक्ता इथे उपयोगी पडतो, पण जसाच्या तसा लावू नये. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम २(१)(जेए) शोधक पावलासाठी तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व आणि शिवाय जाणकाराला ते उघड नसणे, असे दोन्ही मागते. रिमोट कुलपांसाठी त्याहून धारदार हत्यार म्हणजे कलम ३(एफ): ज्ञात उपकरणे एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ज्ञात रीतीने काम करत असतील, तर त्यांची नुसती मांडणी हा शोधच नव्हे. आपल्या काल्पनिक किल्लीवर मात्र ते बोथट ठरेल, कारण तिथे सेन्सर रिसीव्हरचे वागणे बदलतो. दोघे स्वतंत्र राहत नाहीत. अलार्म, रिमोट आणि ट्रॅकर एकाच डब्यात बसवणाऱ्या क्लेमवर ते नीट बसते. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि मंजुरीपूर्वी कलम २५(१) खाली कोणीही विरोध करू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला २५(२) खाली विरोध करता येतो. त्यानंतर कलम ६४ खाली उच्च न्यायालयात रद्दबातल मागणी, किंवा उल्लंघनाच्या दाव्यात प्रतिदावा. दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून पुण्याच्या बजाज ऑटो आणि टीव्हीएस यांच्यात २००७ पासून चाललेल्या वादात एकल न्यायाधीशांनी दिलेला मनाई हुकूम मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये उठवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मूळ दावाच लवकर निकाली काढण्यास सांगितले. मंजुरीपूर्वीचा विरोध या सगळ्याच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो, त्यामुळे स्पर्धकांचे नव्याने प्रसिद्ध होणारे अर्ज कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये दर शुक्रवारी पाहण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे.